कंट्रोलची ट्यूब

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रोजेक्टचा विषय मंजूर झाला. भूपेंद्र सरांनी सही केली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "थॅलेसेमियाच का? बाकी सगळा वर्ग केळीच्या सालीमागे लागलाय." मी म्हटलं, सोपा आहे, रसायनं थोडी लागतात, परीक्षेआधी उरकेल. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पूर्ण खरं नाही.

जोडीदार दिपमाला. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. चोपड्याकडच्या खेड्यातली, होस्टेलला राहते, दिवसभर बोलते. मला न बोलणारी हवी होती.

सकाळी कलेक्शन सेंटरवर लोकांच्या दंडात सुया टोचायच्या, दुपारी एम.एस्सी., संध्याकाळी घर. शेवटचं सेमिस्टर. कधी एकदा संपतं असं झालंय.

५ फेब्रुवारी

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. अम्मीला मराठी वाचता येत नाही, अब्बांना वेळ नाही, भाऊ हसीबला दुसऱ्याचं काहीही वाचायचा कंटाळा.

डिसेंबरात मंगनी झाली. धुळ्याचा हसनैन, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मंगनीच्या दिवशी त्याच्या बहिणीची मुलगी आयत सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली. सहा वर्षांची. वजन तेवढं लागलं नाही. हाताच्या पाठीवर चिकटपट्टी. "मला हॉस्पिटलमध्ये रक्त देतात," ती म्हणाली. "तुला काय देतात?"

थॅलेसेमिया मेजर. दर तीन-चार आठवड्यांनी बाटली, आयुष्यभर. असं मूल व्हायला आई आणि बाप दोघंही मायनर असावे लागतात. मायनर माणसाला काही होत नाही. रक्त थोडं कमी, बाकी सगळं ठीक. मरेपर्यंत कळतही नाही. पण दोन मायनर एकत्र आले की दर बाळंतपणाला चारात एक शक्यता.

म्हणजे हसनैनची बहीण मायनर. म्हणजे हसनैन — असेल किंवा नसेल. निम्मं-निम्मं.

निकाह अठरा मेला. त्याआधी त्याची टेस्ट व्हायला हवी. त्याची नॉर्मल आली की प्रश्न मिटला, माझी करायची गरजच नाही. तो मायनर निघाला तरच माझी. क्रम हाच बरोबर. आणि दोघंही निघालो तर लग्न नाही. यात विचार करण्यासारखं काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

हसनैनचा फोन. टेस्टचं मीच काढलं. मला वाटलं होतं चिडेल. तो म्हणाला, "मोटर विहिरीत सोडायच्या आधी मेगर लावतोच की आम्ही. करंट गळतो का बघायला. त्यात मोटरचा काय अपमान?"

हसू आलं. फोनवर कळू दिलं नाही.

"मग करून घ्या."

"अम्मी."

एवढंच. मग हळूहळू सांगितलं. आयतचं निघालं तेव्हा बहिणीच्या सासरचे बोलले होते — खोट तुमच्या रक्तात आहे, आमच्याकडे सात पिढ्यांत असं मूल नाही. जावयाने स्वतःचं रक्त शेवटपर्यंत तपासायला दिलं नाही. सगळं बहिणीच्या अंगावर. तेव्हापासून त्या घरात टेस्ट हा शब्द चालत नाही. हसनैनने टेस्ट केली तर पोराच्या रक्तातही खोट आहे हे आम्हीच कबूल केलं असं होईल, असं त्याच्या अम्मीचं म्हणणं.

आणि माझ्यासाठी निरोप होता — "उसने अपनी कराई क्या?"

"मला गरज नाही. आमच्याकडे कुणाला नाही."

"हे असंच सांगू अम्मीला?"

"सांगा."

"नको," तो म्हणाला. "दोघींच्या मध्ये मी आहे, थोडी दया कर."

१३ फेब्रुवारी

पहिली बॅच. फेल.

पद्धत साधी आहे. मीठ आणि दोन फॉस्फेट मोजून पाण्यात विरघळवायची, ते पाणी ठरलेल्या प्रमाणात पातळ करायचं. ट्यूबमध्ये दोन मिली घ्यायचं, रक्ताचा एक थेंब, अर्धा तास थांबायचं. मग ट्यूबमागे काळी रेघ मारलेला कागद धरायचा. नॉर्मल रक्ताच्या पेशी एवढ्या पातळ मिठात फुटतात, पाणी सरबतासारखं स्वच्छ लाल होतं, रेघ दिसते. मायनरच्या पेशी चिवट. फुटत नाहीत. ट्यूब गढूळ, रेघ गायब.

सरांचा नियम — आधी कंट्रोल. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असं रक्त. ते बरोबर आलं तरच पोरांची सॅम्पल्स घ्यायची. नाही आलं तर सोल्युशन ओतून द्यायचं आणि पहिल्यापासून.

कंट्रोल माझं. या लॅबमध्ये बी.एस्सी.पासून तसंच आहे. ब्लड ग्रुप असो, हिमोग्लोबिन असो, बाकीच्या पोरी बोट मागे घेतात आणि सगळ्यांची मान माझ्याकडे वळते. मी डीएमएलटी केलेली. डाव्या हाताने उजव्याला टोचते. दिपमालाला तर लॅन्सेटचं पाकीट बघूनच घाम फुटतो.

ट्यूब गढूळ. रेघ नाही. निंबाभाऊ काचसामान धुता धुता म्हणाले, "ताई, मीठ-पाणीच करताय ना? आमची बाई रोज करते, एकदापण फेल नाही!"

दिपमाला हसत बसली. मी सोल्युशन ओतून दिलं.

१४ फेब्रुवारी

परत केलं. परत गढूळ.

१९ फेब्रुवारी

तिसरी बॅच. यावेळी एकेक शक्यता धरून गेले. डिस्टिल्ड वॉटर नवं. तराजू शंभर ग्रॅमच्या वजनाने तपासला — बरोबर. पिपेट बदललं. उरलं काय? वजन करणारा हात. पहिल्या दोन्ही बॅचला वजन दिपमालाने केलं होतं. फॉस्फेटच्या दोन बाटल्या शेजारी असतात, एकात स्फटिकाबरोबर पाणी धरलेलं, एकात नाही. बाटली चुकली तर सगळं प्रमाण चुकतं.

तिला विचारलं, कुठली बाटली घेतली होतीस?

"तू सांगितली तीच."

"नक्की?"

"महेक, मी बारावीला पी.सी.एम.बी.ला होते, धुणंभांडी करायला नाही आले इथे."

आज वजन मी केलं. ट्यूब गढूळच. दिपमाला काही बोलली नाही. तिने न बोलणं जास्त जड गेलं.

२४ फेब्रुवारी

अम्मीने दुपट्ट्यांचा ढीग आणला, कुठला रंग हवा. मी म्हटलं कुठलाही. "कुठलाही म्हणजे? तुझी शादी आहे की शेजारच्या पोरीची?" हसीब म्हणाला, "अम्मी, तिला पांढरा ॲप्रन दे, त्याच्यावरच गोटा लाव."

अब्बा हसले नाहीत. गाद्यांच्या दुकानातून आल्यावर कपड्यांना कापूस चिकटलेला असतो, तो एकेक काढत बसतात. जरा वेळाने म्हणाले, "धुळ्याच्या लोकांना तू रक्ताचं बोललीस म्हणे."

"हो."

"बोलण्याआधी मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर बोलू दिलं असतं?"

अब्बा कापूस काढत राहिले.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. घसा आत्ताच कोरडा. ऊन अजून नीट सुरूही झालेलं नाही.

६ मार्च

चौथी बॅच. सरांकडून नवीन मीठ मागून घेतलं, सीलबंद. अम्मी सकाळी ओरडत होती, रोज्यात रक्त काढतेस? अब्बा म्हणाले, बोटाच्या थेंबाने काही होत नाही.

गढूळ.

सरांना दाखवलं. त्यांनी ट्यूब उजेडात धरली, हलवली, परत धरली. "कंट्रोल नॉर्मल आहे ना?"

"हो सर. माझंच."

"मग पीएच बघ."

पीएच बरोबर आहे.

उभं राहून राहून पाय दुखतात. बाकीच्या जोड्यांची अर्धी रीडिंग्ज झाली. केळीच्या सालीवाल्यांनी तर आलेख काढले. आम्ही अजून एकाही मुलाचं रक्त घेतलेलं नाही.

१० मार्च

हसनैनचा मेसेज, दुपारी — रोजा कसा चाललाय, जळगावला ऊन जास्त आहे का. उत्तर दिलं — धुळ्यापेक्षा एक डिग्री जास्त. थोड्या वेळाने त्याने फोटो पाठवला. तांब्याच्या तारेची नवी गुंडाळी, एकावर एक, एकही वेढा वाकडा नाही. खाली लिहिलं — हे तुला आवडेल.

आवडलं. ते कळवलं नाही.

१३ मार्च

भांडण. नीट लिहून ठेवते.

वजन करताना मी दिपमालाच्या मागे उभी राहिले. फक्त उभी होते. तिने स्पॅच्युला खाली ठेवला आणि गावाकडचं बोलायला लागली. चिडली की ती तसंच बोलते.

"तुले मन्हावर भरवसा नही शे!"

मी म्हटलं, भरवशाचा प्रश्न नाही, एरर कुठे आहे ते शोधतेय.

"चार बॅच झाल्या. बठ्ठा दोष मन्हाच का? पाणी चुकलं, मीठ चुकलं, तराजू चुकला, मी चुकले. तू तेवढी चुकत नाहीस!"

"माझ्याकडून काय चुकणार? मी थेंब टाकते फक्त."

सगळी लॅब आमच्याकडे बघत होती. निंबाभाऊंनी नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून असणार.

ती ॲप्रन काढून निघून गेली. बॅच तशीच राहिली.

१७ मार्च, सोमवार

दिपमाला आली. माझ्याशी बोलली नाही. नवीन सोल्युशन स्वतः केलं, माझ्या देखत, एकेक बाटलीचं लेबल मोठ्याने वाचत. मग स्टँडमध्ये दोन ट्यूब ठेवल्या. एक माझी. दुसरी कशाला, मी विचारलं.

तिने लॅन्सेट उचललं. डोळे गच्च मिटले. "माय वं," म्हणाली आणि स्वतःच्या बोटात घातलं. एवढं खोल की थेंब नाही, धारच आली. टेबलावर, ट्यूबवर, जर्नलवर.

"एकच थेंब," मी म्हटलं.

"गप बस," ती म्हणाली.

अर्धा तास आम्ही पंख्याखाली बसून होतो. ती बोट दाबून, मी पंख्याकडे बघत.

मग कागद धरला. तिच्या ट्यूबमागे रेघ सरळ दिसली. काळी, स्वच्छ. माझ्या ट्यूबमागे काही नाही.

एकच सोल्युशन. एकच पाणी. एकच हात.

दिपमालाने कागद दोनदा इकडून तिकडे सरकवला. मग खाली ठेवला. जिंकली होती ती. पण तिचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. "महेक," ती म्हणाली, "माझीच ट्यूब चुकली असेल."

मी म्हटलं, नाही. तुझी बरोबर आहे.

१८ मार्च

लोह कमी असलं तरी ट्यूब गढूळ येते. पुस्तकात आहे. मुलींमध्ये लोह कमी असतंच. बी.एस्सी.ला हिमोग्लोबिन कमी भरलं तेव्हा मॅडमही तेच म्हणाल्या होत्या.

लोहच असेल.

१९ मार्च

सकाळी सेंटरवर स्वतःचं सॅम्पल काढलं. लोहासाठी फेरिटिन आणि थॅलेसेमिया पक्का कळतो ती हिमोग्लोबिन एचपीएलसी. ट्यूबवर नाव लिहिताना हात थांबला. दुसऱ्याचं नाव लिहावं असं वाटलं. लिहिलं नाही.

२४ मार्च

फेरिटिन नॉर्मल. लोह पुरेसं आहे.

हिमोग्लोबिन ए-टू ५.४. साडेतीनच्या आत असायला हवं.

मी थॅलेसेमिया मायनर आहे.

सोल्युशन पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी पाच वेळा स्वतःची टेस्ट केली. चार वेळा उत्तर ओतून दिलं.

२६ मार्च

कंट्रोल आता दिपमाला. दोन दिवसांत वर्गातली सगळी सॅम्पल्स झाली. ती बोट पुढे करते, डोळे मिटते, म्हणते, "घे वं, बळीचा बकरा." मी शक्य तितकं हलकं टोचते.

मी तिला सॉरी म्हटलं. नीट शब्दांत. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता तुझ्या त्या धुळेवाल्याचं काय?" तिला कुणी सांगितलं? मीच सांगितलं असणार कधीतरी. आठवत नाही.

हसनैनला कळवलेलं नाही. आधी तो मायनर आहे का हा प्रश्न अर्धा होता. आता तो पूर्ण झाला. माझी बाजू नक्की आहे, उरली त्याची. आणि त्याची टेस्ट होणार नाही. त्याच्या अम्मीने विचारलं होतं, उसने अपनी कराई क्या. करायला हवी होती. सगळ्यात आधी.

३१ मार्च, सोमवार. ईद

शीरखुर्मा, पाहुणे, परत शीरखुर्मा. संध्याकाळी घर रिकामं झाल्यावर सांगितलं. अम्मी, अब्बा, हसीब तिघंही समोर होते. आधी सोप्या भाषेत मायनर म्हणजे काय, मग माझा आकडा.

अम्मी पहिल्यांदा म्हणाली, "तुला काय झालंय? धडधाकट तर आहेस." मग समजलं. मग म्हणाली, "कुणाला बोलू नकोस."

"अम्मी —"

"तूच म्हणालीस ना, एकाला असलं तर काही होत नाही? तो नसेल तर तुझं सांगून काय मिळणार? उलट बोट ठेवतील. आणि तो असेल तरी टेस्ट करणार नाहीत ते लोक. मग कुणाला कळतंय?"

"आयतला कळतंय."

मला एवढं कठोर बोलायचं नव्हतं. अम्मी उठून आत गेली, भांड्यांचा आवाज येत राहिला.

हसीब म्हणाला, "म्हणजे माझ्यात पण असेल?" असू शकतं, मी म्हटलं. "वा! घरात एकतरी गोष्ट सगळ्यांना सारखी मिळाली."

अब्बांनी विचारलं, "हे आलं कुणाकडून?"

"तुमच्याकडून किंवा अम्मीकडून."

"माझ्याकडूनच असेल," ते म्हणाले. आतल्या खोलीकडे बघून, जरा मोठ्याने.

२ एप्रिल

परीक्षेचं वेळापत्रक लागलं. जर्नल पूर्ण करतेय. मान दुखते.

५ एप्रिल, शनिवार

धुळ्याला जाऊन आले. हसीब सोबत. एसटीत खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती, पारोळ्यापर्यंत बसायला जागा नाही.

घरी नाही गेले. हसनैनने फोनवर सांगितलं होतं, आज आयतची बाटली आहे, अम्मी तिच्यासोबत असेल. म्हणून थेट हॉस्पिटलातच. लांबट खोली, भिंतीला लागून खाटा, प्रत्येक खाटेवर एक मूल आणि एक आई. मुलं मोबाइल बघत होती. दवाखाना वाटत नाही, वेटिंग रूम वाटते. आयत मला बघून ओरडली, "होनेवाली मामी!" सगळ्या खाटांनी वळून बघितलं. तिने हसीबला विचारलं, तू कोण? "मी होणारा काही नाही," हसीब म्हणाला, "मी झालेलाच आहे." ती इतकी हसली की नर्सने हात धरून ठेवायला सांगितलं.

हसनैन दाराशी उभा होता. हात तेलकट, दुकानातून तसाच आलेला. त्याला आधी सांगायचं ठरवलं होतं. पण त्याची अम्मी माझ्याकडे बघत होती, तर मी तिथेच बोलले.

"खाला, तुम्ही विचारलं होतं, तिने स्वतःची केली का. केली. माझ्यात आहे."

त्या बाटलीतून थेंब पडतात तिकडे बघत राहिल्या. हसनैन दारातून पुढे आला आणि थांबला.

"मग आता?" खालांनी विचारलं.

"आता यांची करावीच लागेल. नाहीतर तुम्ही नाही म्हणा. मी घरी सांगेन, माझ्याकडून मोडलं. तुमच्यावर काही येणार नाही."

"माझ्या पोरीला लोक काय काय बोलले माहीत आहे तुला?"

"माहीत आहे."

"ते सगळं आज मी तुला बोलू शकते."

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट, पहिल्यांदाच. मग आयतच्या पायावरची चादर सारखी केली आणि हसीबला विचारलं, "नाश्ता केला का रे? एसटीत काय खाल्लं असणार. हसनैन, याला खाली घेऊन जा, भजी खाऊ घाल."

हसनैन जाताना माझ्या बाजूने गेला.

परत येताना पूर्ण वेळ उभी. हसीबने दोनदा जागा दिली, घेतली नाही.

९ एप्रिल

फोन नाही. मेसेज नाही.

११ एप्रिल

सकाळी सेंटर उघडलं तर बाहेर अब्बा. इस्त्रीचा शर्ट घालून. दंड पुढे केला. "घे. माझ्यात आहे की तुझ्या अम्मीत, एकदा नक्की होऊ दे. भांडण तरी नीट करता येईल."

हजारो माणसांना टोचलं असेल. अब्बांची नस सापडायला वेळ लागला. कापसाचा बोळा मी दिला तो त्यांनी बघितला आणि म्हणाले, "हा कापूस चांगला नाही."

१४ एप्रिल

रिपोर्ट आला. अब्बांमध्येच आहे. अम्मीला सांगितल्यावर ती म्हणाली, "मला माहीतच होतं." मग त्यांच्या ताटात एक भाकर जास्त वाढली.

फोन नाही.

१६ एप्रिल, बुधवार

प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. काल सर म्हणाले होते, पहिल्या चार बॅच रिपोर्टमधून काढून टाक, फेल बॅच कोण दाखवतं? मी काढल्या नाहीत.

एक्स्टर्नल परीक्षक नाशिककडचे. पाने उलटत तिथेच थांबले. "या चार फेल बॅच कशाला लिहिल्यात?"

"सर, त्या फेल नव्हत्या. कंट्रोल चुकीचं होतं."

"म्हणजे?"

"कंट्रोलचं रक्त माझं होतं. मी मायनर आहे. तपासलं नव्हतं, नॉर्मल आहे असं धरलं होतं."

सर खिडकीकडे बघायला लागले. दिपमाला माझ्या शेजारी उभी होती, तिचं कोपर माझ्या कोपराला लागलं. एक्स्टर्नलनी पेन खाली ठेवलं.

मग विचारलं, "समजा एक जोडपं आलं. लग्न ठरलंय, दोघंही मायनर. काय सांगाल?"

मी पुस्तकातलं सांगितलं. समुपदेशन. दर गर्भारपणी चारात एक शक्यता. अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होते, मुंबईत सोय आहे. निर्णय त्या दोघांचा.

"लग्न करू नका असं नाही सांगणार?"

"नाही सर. तो सल्ला देणाऱ्याचा अधिकार नाही."

पुस्तकात तसंच आहे. बोलताना वाटलं, हे कुणीतरी दुसरंच बोलतंय.

बाहेर आल्यावर निंबाभाऊंनी चहा दिला. दिपमाला म्हणाली, "पास होऊ ना वं?" मी म्हटलं, होऊ. ती म्हणाली, तू म्हणालीस म्हणजे तपासून बघायला पाहिजे.

१९ एप्रिल

उन्हाने डोळे जळतात. अम्मीने दुपट्टे परत कपाटात ठेवले. तारखेला महिना उरला नाही. धुळ्याहून कुणी होय म्हणत नाही, कुणी नाही म्हणत नाही.

मी स्वतः फोन करू शकते. वाक्य तयार आहे. शांतपणे म्हणायचं, आपण इथेच थांबू.

केला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

हसनैनचा फोन. त्याच्या अम्मीनेच नेलं त्याला, हात धरून. ए-टू ५.१. त्याच्यातही आहे. त्याने आकडा दोनदा वाचला, मला लिहून घेता यावा म्हणून. मग म्हणाला, "आता तू सांग."

वाक्य तयार होतं. मी म्हटलं, "रविवारी या. कुणाला सोबत आणू नका. आपण दोघंच बोलू."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं — मी "नाही" म्हटलंच नाही.